पहाटेच्या आत झोजीला

श्रीनगर-लेह रस्त्यावरची झोजीला खिंड हिवाळ्यात बंद होते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उघडते, हे शाळेच्या भूगोलापासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे एकाच साच्यात सांगितलेलं असतं. उघडी आणि बंद अशा दोनच अवस्था धरल्या की खिंडीचा इतिहास फार सोपा होऊन जातो: निसर्गाने दार लावलं की माणूस घरात बसला, दार उघडलं की बाहेर पडला. मोटारी येण्याआधीच्या झोजीलाला मात्र एक तिसरी अवस्था होती, आणि या वाटेच्या इतिहासात माझ्या मते तीच सर्वांत लक्ष देण्याजोगी आहे. साधारण मार्चच्या मध्यापासून मे संपेपर्यंत, म्हणजे आपल्याकडे होळी पेटल्यापासून वळवाच्या सरी पडेपर्यंतच्या दिवसांत, ही खिंड हवा स्वच्छ असेल तर रात्री उघडायची आणि ऊन चढलं की पुन्हा बंद व्हायची. तिथे ना फाटक होतं ना पहारेकरी. बालतालच्या पायथ्याशी मुक्काम करायचा, मध्यरात्र उलटल्यावर किंवा पहाटेच्या काळोखात निघायचं, आणि सूर्य उतारांवर नीट पोचण्याआधी घळीतून वर सपाटीला लागायचं, एवढाच रिवाज होता. वसंतातल्या ओल्या हिमाच्या लोटांविरुद्ध माणसाने शोधलेला हा सर्वांत जुना आणि बराच काळ एकमेव उपाय आहे. भिंत, जाळी, बोगदा यांच्या कितीतरी आधी तो वेळेवर उभारलेला होता. या रिवाजाकडे भाबडा समज किंवा साहसकथेतला रंग म्हणून पाहिलं जातं. मला तो अनुभवातून घासूनपुसून तयार झालेला नियम वाटतो, आणि त्याच्या मर्यादाही त्याच्या कारणांतूनच कळतात.

आधी जागा समजून घ्यायला हवी, कारण झोजीलाचा धोका सगळीकडे सारखा पसरलेला नाही. खिंडीची उंची सुमारे ३५२८ मीटर. हिमालयाच्या मानाने ही काही फार नव्हे. मनालीजवळचा रोहतांग ३९७८ मीटरवर आहे. लडाखच्या बाजूला तर झोजीलाला उतार असा नाहीच म्हणायचा, लांबलचक सपाट दरी हळूहळू मटायन आणि द्रासकडे उतरत जाते. सगळी अडचण काश्मीरच्या बाजूला. सोनमर्गवरून सिंध नदीच्या काठाने (ही काश्मीरमधली छोटी सिंध, सिंधू नव्हे) बालतालला आलं की डोंगर एकदम अंगावर येतो आणि थोड्याच अंतरात काही शे मीटर चढावे लागतात. पश्चिमेकडून येणारे ओलसर वारे इथे मोठ्या भिंतीला थडकतात, त्यामुळे पलीकडचा लडाख कोरडा ठणठणीत असताना या भिंतीच्या अलीकडे हिमाचे ढीग पडतात. उन्हाळ्याची पायवाट डोंगराच्या कुशीतून वळणं घेत जायची. वसंतात ती गाडलेली असे. तेव्हा वाट घळीच्या तळातून सरळ वर जायची, आणि त्या तळात जे हिम साचलेलं असे ते बरंचसं दोन्ही बाजूंच्या उतारांवरूनच कोसळून आलेलं असे. थोडक्यात, प्रवासी चालायचा तो आधीच्या लोटांनी बांधलेल्या रस्त्यावरून, आणि पुढचा लोट कुठे येणार याची खूण त्याच्या पायाखालीच असायची.

मग अशा वेळी जायचंच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. थांबलं की जूनमध्ये घोडी चालतील इतपत वाट मोकळी होतेच. पण व्यापाराचं गणित वेगळं होतं. चांगथांगच्या पठारावरची पश्म काश्मीरच्या शालींसाठी लागायची, आणि १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहापासून त्या लोकरीवर काश्मीरचा मक्ता होता. लेहच्या पलीकडे काराकोरम ओलांडून यारकंदला जायचं तर उन्हाळ्याचे मोजके आठवडे हाताशी असत. झोजीलाला महिना घालवला तर पुढच्या खिंडी हातच्या जायच्या. म्हणून ज्याला लांब जायचं तो इथे लवकर यायचा. इप्पोलितो देसिदेरी हा जेसुइट पाद्री तिबेटला जाण्यासाठी १७१५ च्या मेच्या मध्यात श्रीनगरहून निघाला आणि जून अखेरीस लेहला पोचला. खिंड त्याला हिमातूनच पार करावी लागली. १९०९ मध्ये अब्रुझीचा ड्यूक के-टूकडे निघाला तेव्हा त्याची मोहीम एप्रिलमध्येच श्रीनगरहून सुटली, सगळं ओझं माणसांच्या पाठीवर घालून. भर हिवाळ्यातही ही वाट कुणी ओलांडलीच नाही असं नाही. मिर्झा हैदर दुघलातने १५३२-३३ च्या हिवाळ्यात यारकंदच्या सुलतानाची चार हजारांची फौज लडाखकडून याच मार्गाने काश्मीरात उतरवली होती. पण तो अपवाद, आणि तो करायला फौज लागली. नेहमीची ये-जा, टपाल सोडलं तर, मार्चनंतरच सुरू व्हायची, आणि मार्चनंतरचं हिम भर हिवाळ्यातल्या हिमासारखं वागत नाही.

या वागण्यातच रिवाजाचं मूळ आहे, म्हणून थोडं थांबून ते पाहू. हिवाळ्यात पडलेलं हिम थंड आणि कोरडं असतं. त्याचे कण एकमेकांना टेकतात तिथे हळूहळू जुळून जातात आणि थरांना बळ येतं. कोरडा लोट निघतो तो बहुधा नव्या थराचं ओझं जुन्या कच्च्या थराला पेलवलं नाही म्हणून, आणि तो दिवस-रात्र पाहत नाही. वादळ कधी आलं यावर ते ठरतं. वसंतात ऊन तापलं की वरचा थर वितळतो आणि पाणी खाली झिरपू लागतं. थोडंसं पाणी कणांना उलट धरूनच ठेवतं, समुद्रकिनारी ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तसा. पण प्रमाण काही टक्क्यांपुढे गेलं की कणांमधले जोड विरघळतात आणि तोच थर गाळासारखा ढिला पडतो. त्यातच पाणी खालच्या बर्फाच्या कडक थराला किंवा उघड्या खडकाला येऊन थबकलं तर वरचा भार सरकायला घसरगुंडीच तयार होते. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार यासाठी सर्वांत अनुकूल. असा ओला लोट कोरड्या धुळीच्या लोटासारखा वाऱ्याच्या वेगाने झेपावत नाही, त्या मानाने तो सावकाश येतो, घळीची वळणं धरून वाहतो. पण वजन इतकं की झाडं, दगड, माती सगळं खरवडून आणतो, आणि थांबला की अंगावरचं हिम पाहता पाहता आवळून घट्ट होतं. त्यातून माणूस हाताने उकरून बाहेर काढणं जवळजवळ अशक्य. आता रात्रीचं पाहा. आकाश निरभ्र असेल तर हिमाचा पृष्ठभाग आपली उष्णता सरळ आभाळात सोडून देतो, इतकी की हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी पृष्ठभाग गोठू शकतो. कणांमधलं पाणी पुन्हा बर्फ होतं, आणि जे जोड दुपारी विरघळले होते ते पहाटेपर्यंत सांधले जातात. एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ऐंशी कॅलरी लागतात, म्हणून सूर्य उगवला की लगेच सगळं ढासळत नाही. मधे काही तासांची मुदत मिळते. बालतालचा मुक्काम आणि पहाटेचं निघणं या मुदतीच्या मापाने बेतलेलं होतं.

यावर पहिला आक्षेप चटकन सुचतो आणि तो वजनदार आहे. रात्री चालण्याचं कारण लोटांची भीती नव्हतंच, गोठलेल्या हिमावर पाय टिकतो आणि दुपारी माणूस मांडीपर्यंत रुततो, एवढंच ते साधं कारण होतं, असं कुणी म्हणेल. पाठीवर ओझं घेतलेल्या हमालाला रुतणं परवडत नाही हे खरंच. पण नीट पाहिलं तर हा आक्षेप रिवाजाला दुबळा करत नाही, उलट तो इतका भरवशाचा का ठरला ते सांगतो. पाय रुततो तो कणांमधले जोड सुटले म्हणून, आणि उतार घसरतो तोही त्याच कारणाने. वेगळ्या शास्त्राची गरजच पडली नाही. ज्या पायाला वर चढायचं होतं तोच पाय मोजमापाचं साधन झाला. कवच घोट्याखाली मोडू लागलं की घाई करायची, निघतानाच मोडत असेल तर निघायचंच नाही. आज हिमसुरक्षेचं प्रशिक्षण घेणाऱ्या गिर्यारोहकांनाही वसंतासाठी जवळपास हेच शिकवतात. एखादी सवय दोन वेगळ्या कारणांनी सोयीची असली की ती कारणं विसरली गेली तरी सवय टिकते, आणि लिहून न ठेवलेल्या ज्ञानाच्या दृष्टीने हे फार मोलाचं असतं.

दुसरा आक्षेप असा की डोंगरातल्या लोकांचे सगळेच नियम आपण आता मागे वळून शहाणपणाचे ठरवतो. तसं करायचं नसेल तर चुकीचे नियमही मांडायला हवेत. लोट कोसळू नये म्हणून गप्प चालायचं, ओरडायचं नाही, बंदूक उडवायची नाही, हा समज आल्प्सपासून हिमालयापर्यंत जुना आहे. योसियास सिमलर या झुरिकच्या विद्वानाने १५७४ साली आल्प्सवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. धोक्याच्या जागा पहाटे आणि निःशब्द ओलांडण्याची तिथल्या वाटाड्यांची रीत त्यात नोंदलेली आहे. आज आपल्याला ठाऊक आहे की माणसाच्या आवाजाने हवेत उठणारा दाब हिमाचा थर हलवायला फारच तोकडा पडतो. म्हणजे एकाच वाक्यात सांगितलेल्या दोन नियमांपैकी एक खरा आणि एक खोटा. मला यात अडचण वाटत नाही. गप्प राहण्याचा नियम तपासून पाहायची कुणाला कधी संधीच नव्हती, कारण तो मोडला आणि लोट आला नाही तर कुणी नोंद ठेवत नाही. पहाटेच्या नियमाचं तसं नव्हतं. तो रोज, त्याच घळीत, सकाळ आणि दुपार यांच्या फरकाने डोळ्यांपुढे तपासला जात होता: पहाटे ओलांडलेल्या वाटेवर दुपारी कोसळलेला ढीग परतणाऱ्याला दिसतच असे. शिवाय एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन डोंगरी मुलखांनी स्वतंत्रपणे तोच तास निवडावा, हा काही योगायोग नव्हे. आवाजाबद्दलचा समज दोन्हीकडे भीतीतून आला असेल. तासाबद्दलचा नियम दोन्हीकडे निरीक्षणातून आला.

तिसरा आक्षेप आकड्यांचा आहे. हिमालयात सर्वाधिक बळी घेणारे लोट वसंतातल्या दुपारचे नसतात, ते मोठ्या हिमवर्षावाचे असतात. १९७९ च्या मार्चमध्ये लाहौलच्या खोऱ्यात लागोपाठ लोटांनी दोनशेहून अधिक माणसं मारली. २००५ च्या फेब्रुवारीत काश्मीरच्या दक्षिणेला वाल्टेंगू नार हे गाव गाडलं गेलं. घरात झोपलेल्या माणसाला पहाटेच्या नियमाचा काय उपयोग? काहीच नाही, हे मान्य करायला हवं. हा नियम वाटेचा होता, वस्तीचा नव्हता. वस्तीचे नियम वेगळे होते, कुठे घर बांधायचं, कुठलं झाड तोडायचं नाही या स्वरूपाचे, आणि तेही कधी कधी हरले. वाटेच्या नियमालासुद्धा पोटनियम होते आणि ते वादळासाठीच होते: नवं हिम पडलं की थांबायचं, रात्र ढगाळ गेली की थांबायचं. ढगाळ रात्रीचा नियम विशेष बारकाईचा आहे. ढग हिमाची उष्णता परत खाली पाठवतात, पृष्ठभाग गोठत नाही, आणि अंधार असूनही रात्र दुपारइतकीच धोक्याची राहते. नुसता अंधार पुरेसा असता तर थांबायचं कारण नव्हतं. म्हणजे हमालांचा भरवसा अंधारावर नव्हता, गोठण्यावर होता. झोजीला ओलांडायला आलेले प्रवासी मुक्कामावर दिवसच्या दिवस आभाळाकडे बघत अडकून पडत, ते यासाठी. लेहची टपालपिशवी नेणारे हरकारे तेवढे हिवाळाभर जात, आणि त्यांच्या बाबतीत हा नियम बरेचदा वाकवला जाई, कारण टपालाला आभाळ कळत नाही.

इथे एक अप्रिय गोष्ट येते, आणि रिवाजाचं कौतुक करताना ती टाळणं अप्रामाणिक ठरेल. हे ज्ञान ज्यांचं होतं त्यांना जायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क फारसा नव्हता. डोग्रा राजवटीत काश्मीरमध्ये बेगार होती, लडाखकडे टप्प्याटप्प्याने ओझं वाहण्याची सक्ती होती. वॉल्टर लॉरेन्सने १८९५ मध्ये काश्मीरवर लिहिलेल्या पुस्तकात गिलगिटच्या वाटेवर नेल्या जाणाऱ्या बेगाऱ्यांच्या हालांचं जे वर्णन केलं आहे ते वाचून कुणालाही शरम वाटावी. झोजीला त्या मानाने आखूड आणि उदिमाची वाट, पण घाईत असलेला साहेब आणि ढगाळ रात्र यांच्यात कोण जिंकायचं हे नेहमी हमालाच्या हातात नसे. १८७० च्या तहानंतर लेहला इंग्रजांचा आणि महाराजांचा असे दोन आयुक्त व्यापारावर देखरेख करू लागले, मुक्कामांच्या जागा आणि मजुरीचे दर हळूहळू बांधले गेले. मला यातली महत्त्वाची गोष्ट दरांपेक्षा मुक्कामांची वाटते. बालताल ते मटायन हा एकच मोठा टप्पा, मधे माचोईला आसरा, ही रचना पहाटेचा नियम गृहीत धरून झालेली आहे. एका दमात पलीकडे पोचता आलं पाहिजे आणि सुरुवात घळीच्या अगदी तोंडाशी झाली पाहिजे, नाहीतर अंधाराचे तास सपाटीवरच खर्च होतात. जे हमालाच्या तोंडी होतं ते अशा रीतीने निवाऱ्यांच्या जागांत उतरलं. कागदावर कुठे लिहिलेलं नसलं तरी नकाशात ते दिसतं.

मोटारीने हे सगळं मोडलं. १९६० मध्ये सीमा सडक संघटना स्थापन झाली, चीनबरोबरच्या युद्धाच्या आसपास वाहनं लेहपर्यंत पोचू लागली, आणि रस्ता घळीच्या तळातून उठून उताराच्या कुशीत गेला. चालणारा माणूस धोक्याची जागा अंधारात पार करून जायचा. ट्रकांची रांग ती जागा दिवसभर अडवून बसते, आणि एक गाडी रुतली की मागच्या शंभर गाड्या नेमक्या नको त्या वेळी नको त्या जागी उभ्या राहतात. वेळेवर बेतलेला बचाव इथे अपुरा पडणारच होता. म्हणून १९६९ मध्ये संरक्षण संशोधन विभागाने मनालीला हिम आणि हिमस्खलनांच्या अभ्यासाची संस्था काढली, निरीक्षणकेंद्रं बसवली, रोजचे इशारे सुरू झाले. हिम कापणारी यंत्रं सुधारली तशी खिंड बंद राहण्याचे दिवसही घटले: पूर्वी पाच-सहा महिने, २०२३ मध्ये ६८ दिवस, त्यानंतर आणखी कमी. हे यश खरंच मोठं आहे. पण त्याचा एक परिणाम कुणी मोठ्याने बोलत नाही. रस्ता जितका लवकर उघडतो तितकी वाहनं ओल्या हिमाच्या हंगामात जास्त शिरतात. ज्या आठवड्यांत जुने लोक फक्त रात्री चालत त्या आठवड्यांत आपण दिवसा गाड्या सोडतो, ठरावीक तासांची आणि एकतर्फी वाहतुकीची बंधनं घालून.

आणि आता नियमाचा पायाच हलू लागला आहे. हिमाचलातल्या उतारांवरच्या झाडांच्या वलयांत लोटांनी केलेल्या जखमांच्या खुणा वाचून सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास जुळवणारं एक संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. गेल्या काही दशकांत लोट वाढले आणि त्याचा संबंध हिवाळ्याच्या अखेरीस व वसंताच्या सुरुवातीस वाढलेल्या तापमानाशी, म्हणजे हिम लवकर ओलं होण्याशी आहे, असा त्याचा निष्कर्ष. हिम कमी पडेल म्हणून लोटही कमी होतील, हा सरळ वाटणारा तर्क निदान या उंचीवर अजून खरा ठरलेला नाही. पहाटेच्या नियमाला रात्रीचं गोठणं लागतं. ते उशिरा, अर्धवट किंवा काही रात्री होतच नसेल, तर पहाटेला दुपारपासून वेगळं काढणारं काही उरत नाही. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नाथूलाच्या रस्त्यावर लोट कोसळून सात पर्यटक गेले, ते भर दुपारी बाराच्या सुमारास. एका घटनेवरून हवामानाचा सिद्धांत मांडता येत नाही. पण चैत्रातल्या दुपारी उताराखाली हिमात खेळायला उतरलेल्या माणसांची गर्दी असणं, हे जुन्या वाटेवरच्या कुठल्याही हमालाला कळलंच नसतं.

बोगद्याने हा प्रश्न संपेल असं म्हणणाऱ्यांचं अर्धं म्हणणं मला पटतं. झोजीलाखालून तेरा-चौदा किलोमीटरचा बोगदा होतो आहे आणि घळीचा सर्वांत वाईट भाग त्यामुळे टळेल. मात्र बोगद्याच्या तोंडापर्यंत सोनमर्ग ते बालतालचा जोडरस्ता आहे, त्यावर लोट अडवायला छत, बांध आणि आणखी दोन छोटे बोगदे घालावे लागत आहेत. आणि १२ जानेवारी २०२३ रोजी त्याच पट्ट्यात सरबलला या कामावरचे दोन मजूर लोटाखाली गेले. बोगदा पुरा होईपर्यंत, आणि त्यानंतरही बोगद्याबाहेर, मार्च ते मे या काळात वाहनं कधी सोडायची हा निर्णय रोज कुणालातरी घ्यावाच लागणार आहे. हिमाच्या पृष्ठभागाचं तापमान मोजणारी साधनं आज आहेत, इशारे देणारेही आहेत. आदल्या रात्री उतार खरोखर गोठला होता का, एवढा एक आकडा सोनमर्गच्या आणि लडाखच्या बाजूच्या मिनामर्गच्या फाटकावर पहाटे पोचला आणि फाटक त्या आकड्यावर उघडलं, तर बालतालचा जुना नियम पुन्हा लागू होईल, आणि या वेळी थांबायचं ठरवणाऱ्याला थांबण्याचा अधिकारही असेल.